आत्याबाईंनी दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट

लग्न झालं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माझं माहेर भोकरदनकडचं धावडा, आणि दिलं वाटूरला. घरात नवरा, सासू आणि मी, एवढीच माणसं. सासूला मी आत्याबाई म्हणायचे.

माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं, आणि हे सासरी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

सातव्या वर्षी मला गोवर आला होता. त्यानंतर कान फुटला आणि वाहायला लागला. आईनं लसूण घालून तेल कोमट करून ओतलं. शेजारणीनं रुईच्या पानाचा रस पिळला. एकीनं डोक्यातल्या आकड्याला कापूस गुंडाळून कान कोरून दिला. सगळ्यांनी मायेनंच केलं. वाहणं मात्र थांबता थांबेना, आणि हळूहळू त्या बाजूचं जग मुकं झालं. उजव्या कानानं बरं ऐकू यायचं, पण आवाज कुठून आला ते कळायचं नाही. मला हाक आली की मी भलतीकडेच बघायचे.

पाहुणे बघायला आले त्या दिवशी आईनं मला भिंतीला डावा खांदा लावून बसवलं. विचारलेलं सगळं मला ऐकू आलं. लग्न ठरलं. निघताना आई एवढंच म्हणाली, कुणी बोललं की तोंडाकडे बघत जा.

तोंडाकडे बघून बघून मी दिवस ढकलत होते. आत्याबाईंचा आवाज बारीक, आणि त्या काम करता करता मागून बोलायच्या. तीनदा हाक मारूनही सून वळत नाही, तेव्हा हा माहेरचा तोरा आहे असं त्यांनी धरलं. मला ते दिसत होतं. पण खरं सांगितलं तर परत पाठवतील, ही धास्ती त्याहून मोठी होती. म्हणून कळलं नाही की मी हसायचे आणि ‘हो’ म्हणायचे. बहुतेक वेळा निभायचं.

पहाटे आम्ही दोघी समोरासमोर बसून ज्वारी दळायचो. दिवा आत्याबाईंच्या मागच्या कोनाड्यात असायचा, त्यामुळे त्यांचा चेहरा अंधारात. त्यात जात्याची घरघर. तेव्हा मला काहीच ऐकू यायचं नाही. एका पहाटे त्या बराच वेळ बोलत आहेत एवढं मला जाणवलं. ओठ हलताना पुसटसे दिसत होते. मध्येच त्या थांबल्या, माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी विचारलं असावं, असं वाटून मी नेहमीसारखी हसले आणि ‘हो’ म्हणाले.

आत्याबाईंनी खुंटा सोडला. सुपातली निम्मी ज्वारी तशीच ठेवून उठून गेल्या.

त्यानंतर चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. भाकरी वाढली तर ताट सरकवून घ्यायच्या. माझं काय चुकलं, तेच मला ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, “माय रडून राह्यली. तिनं लेकीचं मरण सांगितलं अन् तू हसलीस म्हणती. खरं का?”

त्या घरात एक मुलगी होती, हेही मला तेव्हा कळलं.

मी तशीच परसात गेले. आत्याबाई कापूस निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, “आत्याबाई, मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. जात्यावर तर काहीच येत न्हाई. तुम्ही काय सांगितलं ते मला कळलंच नव्हतं.”

त्यांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, “तुझ्या मायला माहीत व्हतं?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

“तिनं आधी सांगितलं असतं तर मी ही सोयरीक केलीच नसती,” त्या म्हणाल्या. मग निवडलेला कापूस बाजूला सारून उठल्या, फिरून माझ्या उजव्या हाताला येऊन टेकल्या. “आता बराबर येतं का ऐकू?”

“येतं.”

आणि त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. मुलगी माझ्याच वयाची असती. सहाव्या वर्षी ताप भरला. तापात पाणी देऊ नये असं जुन्या बायका म्हणाल्या, म्हणून दिलं नाही. ती दोन दिवस पाणी मागत होती. दहा वर्षं हे त्यांनी कुणापाशीच काढलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघीही रडलो. कापूस संध्याकाळपर्यंत तसाच पडून होता.

कान अजून वाहतो का, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. सर्दी झाली की वाहतो आणि वास येतो, असं मी म्हणाले. त्यांनी लेकाला गाडी जुंपायला लावली. परतूरपर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडीनं जालना. तिथल्या डॉक्टरांनी कपाळाला आरसा बांधून कानात पाहिलं. पडद्याला मोठं भोक आहे, औषधानं वाहणं थांबेल, गेलेलं ऐकणं मात्र परत येईलसं वाटत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कानात तेल, रस, काडी काही घालायचं नाही. न्हाताना तेलात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी लावायचा, पाणी आत जाऊ द्यायचं नाही. आणि उजवा कान जपायचा, कारण आता तेवढाच आहे. आत्याबाईंनी हे सगळं त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

पंधरा-वीस दिवसांत कान कोरडा झाला. आत्याबाईंनी आळीत स्वतःच सांगून टाकलं की सुनेला एका कानानं ऐकू येत नाही, तिला समोर येऊन बोला. मला आधी फार लाज वाटली. मी दोन दिवस पाण्याला गेले नाही. पण गेले तेव्हा बायका खरोखरच समोर येऊन बोलल्या. काहीजणी उगाच ओरडून बोलायच्या. ते मला आवडायचं नाही, पण चालवून घेतलं.

तीन वर्षांनी माझी दोन वर्षांची मुलगी सर्दीत कान धरून रडायला लागली. शेजारीण तेलाची वाटी कोमट करूनच आली. आत्याबाईंनी तिला दारातच अडवलं.

“बिलकुल न्हाई. ती वाटी घरी ने,” त्या म्हणाल्या, आणि नातीला कडेवर घेऊन मला म्हणाल्या, “चल जल्दी, गाडी सापडली पाह्यजे.”

आगगाडीत मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली. जाग आली की पाणी मागायची, आणि आत्याबाई तांब्या तिच्या तोंडाला लावायच्या. जालन्याला पोचेपर्यंत तो दोनदा भरून घ्यावा लागला. औषधानं आठ दिवसांत तिचा कान बरा झाला. तिचे दोन्ही कान आजही शाबूत आहेत.