बैलकुप्प्याची वाट

की-बोर्डला हात लावण्याआधी अक्का पेन्सिलीने कागदावर तीन चौकोन काढायच्या: म्हैसूर, कृष्णराजनगर, बैलकुप्पे. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या तीन शाखा आणि एकीकडची माहिती दुसरीकडे धाडणारी तीन यंत्रं, म्हणजे राउटर. ते सगळं अक्का बघायच्या, मी त्यांच्या हाताखाली. मग एका चौकोनावर बोट ठेवून मला विचारायच्या, "इकडून गेलं. परत कसं येणार, सांग?"

तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल, ज्याच्यावाचून अडतं आणि ज्याला कुणी 'बसा' म्हणत नाही. अक्का पिढ्यान्‌पिढ्यांच्या म्हैसूरकर. घरी मराठी, पण वाक्य मध्येच कानडीत कधी शिरेल याचा नेम नाही. राउटरला आपली वाट आपण शोधू देणं त्यांना पटत नसे. प्रत्येक वाट त्या हाताने लिहीत. "तीनच तर आहेत ग. सुम्ने, उगीच कशाला अवघड करायचं?"

एकदा बैलकुप्प्याची इंटरनेटची लाइन बदलली. अंगात ताप असूनही अक्कांनी येऊन वाटा नव्याने लिहिल्या. दुसऱ्या दिवशी तिथे काहीच उघडेना. साहेब फोनवर लाइनवाल्यांना फैलावर घेत होते. अक्का कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"फोन ठेवा सर. चूक माझी. तिथून मागितलेलं इथवर येतं, पण उत्तर जायला आपल्या राउटरवर मी परतीची वाटच लिहिली नाही."

एका ओळीचं काम. पण तोवर बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतल्या एक आजी तिथल्या शाखेतून घरी निघून गेल्या होत्या. त्यांच्या डोळ्याचा फोटो म्हैसूरच्या डॉक्टरांनी पाहायचा होता. सकाळपासून त्या त्यासाठीच बसल्या होत्या.

पुढच्या सकाळी अक्का मला घेऊन बसने बैलकुप्प्याला गेल्या. घर शोधलं. "अज्जी, तप्पु नंदे," म्हणाल्या. चूक माझीच. आजींनी हसून लोण्याचा खारट चहा दिला. अक्कांनी तोंड वाकडं न करता तो संपवला, आजींना दवाखान्यात आणलं आणि 'ऑपरेशन नको, औषध पुरे' असं उत्तर येईपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.

साहेबांनी मात्र राउटरचं सगळं काम बाहेरच्या कंपनीला दिलं. "आय्तु," अक्का म्हणाल्या. झालं. नव्या लोकांना सगळं शिकवून त्या घरी बसल्या.

महिन्याभराने ऑफिसच्या एका कागदावर त्यांची सही घ्यायला मी म्हैसूरच्या अग्रहार भागातल्या त्यांच्या घरी गेले. गरम पाण्यात पाय सोडून त्या पायरीवर बसल्या होत्या.

"बस. अर्धा तास काम सांगू नको."

मी शेजारी टेकले. बघता बघता त्यांची मान भिंतीला टेकली, डोळे मिटले. रस्त्यावर एक रिक्षा हॉर्न वाजवत होती. मी उठून रिक्षावाल्याला हातानेच पुढे जायला सांगितलं.