तुरस म्हणजे खेप

आयर्लंडच्या पश्चिमेला, एका बेटावरच्या दवाखान्यात माझी मुलगी नर्स आहे. तिथली म्हातारी माणसं आपलं दुखणं आयरिशमध्येच सांगतात, म्हणून ती ती भाषा शिकते आणि फोनवर मला शिकवते. मी कारापूरला औषधांचं दुकान चालवते. वस्तू जिथल्या तिथे लावल्याशिवाय मला चैन पडत नाही, शब्दांचंही तसंच. 'तुरस' म्हणजे प्रवास. पुल्लिंगी. आपण 'प्रवासाचा' म्हणताना शब्दाचा शेवट बदलतो तसा तेही बदलतात, 'तुरस'चं 'तुरश' होतं. पवित्र विहिरीच्या दर्शनाला जाणं म्हणजेही तुरस. इथवर ठीक. पण 'एकदा', 'या वेळी' म्हणायलाही हाच शब्द! तो कुठल्या कप्प्यात ठेवायचा?

नवरा पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा. तो म्हणाला, "अगो, खेप ती. ह्या खेपेक, त्या खेपेक म्हणत नाय तू?"

कोडं सुटलं.

मग एका दुपारी तिचा मेसेज आला: 'आज तुरस. एका आजीला घेऊन बोटीने पलीकडे हॉस्पिटलात. वारा खूप आहे.' त्यानंतर फोन लागेना. गिऱ्हाईक दोनदा ओरडलं तेव्हा कळलं, समोर कोणी उभं आहे. शटर ओढलं आणि आम्ही दोघं देवळात गेलो, गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या घाड्याकडून गाऱ्हाणं घालून घ्यायला. नारळ, विडा, अगरबत्ती, सगळं घेतलं होतं. बेटाचं नाव तेवढं मला उच्चारता येईना.

"खंयसून खंय, ता सांग," घाडी म्हणाला. "देवान तिका सोदूची खंय?"

मी मोबाइलवर नकाशा दाखवला. त्याने चष्मा कपाळावर चढवला. "मदीं सगळो दर्याच मरे!"

मला रडू फुटलं. नवरा म्हणाला, "काका, चेडू आमचा, दर्यो देवाचो. घाला तुमी."

घाड्याने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान बोटीत पाय ठेवलो आसा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघं म्हणालो.

"तेची ही खेप सुखरूप पार पाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

बाहेर आल्यावर मनात आलं, ट्रकची खेप म्हणजे जाऊन येणं. तुरसमध्ये परत येणं धरतात का? ते मी विचारलंच नव्हतं. तशीच आत गेले. "काका, येतानाचं पण सांगा."

"तितक्या देवाक कळता गो," तो हसला, पण पुन्हा हात जोडून त्याने तेही सांगितलं.

पायरीवर बसले तोच फोन वाजला.

"आई, पोचलो आम्ही. आजीला आत घेतलं."

तिच्या आवाजामागे वारा घोंघावत होता. "आता तिथेच राहा. वारा पडला की जा."

"वाऱ्यामुळे आजची शेवटची बोट आत्ताच सुटतेय. बेटावर एका बाईचे दिवस भरलेत गो, आणि आज नर्स मी एकटीच."

किती तरी सांगायचं होतं. "आत बस," मी म्हणाले. "कठड्याशी उभी राहू नको."

"बरं."

नवऱ्याने गाडी सुरू केली, हॉर्न दिला. मी पायरीवरून उठले नाही.