उजव्या चाकाचा स्पिंडल

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी राहात्याच्या बाजारात पेरू निवडत होतो. काष्टीहून त्यांचे शेजारी बोलत होते. "मास्तर सकाळी उठलेच न्हाईत वो. तुमी या लगेच." हातातला पेरू मी परत पाटीत ठेवला. पेरूवालीनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." आणि पहिली दोन मिनिटं खरोखरच काही वाटलं नाही. मग एकदम आठवलं, की त्यांना एक वाक्य सांगायचं राहून गेलंय... आणि पिशवी तिथंच टाकून मी स्टँडकडे निघालो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवायचे, पण जीव सगळा गाडीत. एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून त्यांनी साठेक वर्षांची जुनी मोटार घेतली होती, फिकट निळी, गोल दिव्यांची. रविवारी ते तिच्याखाली आडवे झालेले असायचे. अक्का चहा घेऊन यायची आणि बाहेर आलेल्या पायांशी बोलायची, "पायांनो, उठा. चहा गार होतोय." पाय हसायचे. खरंच सांगतो, दाजी हसले की त्यांचे पाय हलायचे.

नऊ वर्षांपूर्वी त्या गाडीच्या मागच्या चाकांतून घरघर यायला लागली. बेअरिंग बदलायचं तर आधी स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो लोखंडी दांडा, बाहेर काढावा लागतो. वर्षानुवर्षं आत बसून तो घट्ट झालेला असतो. पुलर लावून हळूहळू ओढायचा असतो. दाजींकडे पुलर नव्हता. त्यांनी दोन्ही बाजूंना हातोड्यानं ठोकून पाहिलं. निघाला एकही नाही, टोकं मात्र चेपली. चार दिवसांवर पाथर्डीला लग्न होतं. आटे कानशीनं साफ करून त्यांनी नट परत आवळले. "आल्यावर काढू," म्हणाले. पाथर्डीच्या अलीकडे डावा स्पिंडल तुटला. सुटलेलं चाक गाडीच्या पुढे पळत गेलं आणि गाडी नाल्यात उलटली. दाजींचा हात मोडला. अक्का जागेवरच गेली.

दहाव्याला, गळ्यात हात बांधलेला, ते माझ्याजवळ आले. "अनंता, मी ठोकलं होतं रे..." मी उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं हीच यांची शिक्षा, असं मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. त्यानंतर काष्टीला पाऊल टाकलं नाही. माझी एकुलती एक बहीण गेली होती आणि मला कुणीतरी दोषी हवं होतं. कबूल करणारा माणूस समोर असल्यावर शोधायला जायची गरज काय?

या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. आवाज इतका खोल गेलेला, की आधी ओळखलाच नाही. "गाडी परत उभी करायचीय. उजवा स्पिंडल अजून आत आहे. तुटलेला तुकडा तर कुठं गेला, सापडलाच नाही. हा तरी काढून बघू, मी काय केलं ते. मला एकट्यानं होत नाही." मी गेलो. मदतीला गेलो असं तिथं सगळ्यांना वाटलं. मी पुरावा बघायला गेलो होतो.

पत्र्याच्या शेडमध्ये गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. चाक काढलं, ब्रेकचा ड्रम काढला. या वेळी पुलर होता. दाजींनी टोकाचे आटे दुखावू नयेत म्हणून नट उलटा चढवला, पुलर लावला, आणि आम्ही दोन म्हातारे आळीपाळीनं पाना ओढू लागलो. स्पिंडल हलेना. डिझेल सोडलं, गरम केलं, परत ओढलं. आठ दिवस असे गेले. सहाव्या दिवशी दाजी जमिनीवर बसून रडले, मोठ्यानं, तोंड न झाकता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. नवव्या दिवशी 'कट्' असा आवाज झाला आणि स्पिंडल सुटला.

तो फडक्यात गुंडाळून आम्ही नगरला एका जुन्या लेथवाल्यांकडे नेला. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मधोमध, बेअरिंग बसतं त्या खांद्याशी, केसासारखी चीर होती. "मास्तर, हातोड्याचं काम न्हाई हे. ठोकलं ते टोकाला. ही चीर फिरून फिरून पडल्याली हाय, वर्षं लागत्यात अशी पडायला. डाव्याचं बी हेच झालं आसंल."

मला वाटलं, दाजी सुटले. त्यांच्याकडे पाहिलं तर चेहऱ्यावर थेंबभर रक्त नाही. "म्हणजे आधीपासून होती," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी कसाही करून बाहेर काढला असता, तर दिसली असती... मी तसाच ठेवला."

परतीच्या एसटीत तासभर आम्ही शेजारी बसलो होतो. 'दाजी, भिंग लावून बघितलं तेव्हा दिसली ती. तुम्हाला नसती दिसली.' एवढंच वाक्य बोलायचं होतं. खरं होतं की खोटं, कोण विचारणार होतं? पण नऊ वर्षांची सवय आडवी आली. उद्या बोलू, म्हटलं... तीन आठवड्यांनी पेरू निवडताना तो फोन आला.

तेराव्याला एक टेम्पोवाला आला, अनोळखी. कोपऱ्यात उभा राहून म्हणाला, "मास्तर लई दिस झालं बाजारला यायचे. टेम्पो दिसला की गुडघ्यावर बसून मागचं चाक दोनी हातांनी हालवायचे. म्हनायचे, बायकापोरं बसवतो ना, बेअरिंग खोलून बघ. आमी हसायचो वो त्यांना. येडं म्हनायचो." एवढं बोलून तो जेवायला न थांबता निघून गेला.

संध्याकाळी मी काष्टीच्या स्टँडवर गेलो. जीप भरत होती. मागच्या बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. मी चढणार होतो, आणि कसा कोण जाणे, मागच्या चाकापाशी गुडघ्यावर बसलो. दोन्ही हातांनी टायर धरून हलवलं. ड्रायव्हर खाली उतरला. "काय झालं, काका? काय पडलं का?"

चाक घट्ट होतं. तरी मला तिथून उठवेना.