बिबड्यांवरचं डेंजर

मी आयुष्यात एकच इंग्रजी शब्द नीट शिकले, आणि तो मला टोपलीभर बिबड्यांना पडला.

देवपूरला माझ्या मुलीची सासू राहते. गेल्या वर्षी माझे ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, खाऊन म्हणाली, "विहीणबाई, चव आहे, पण दात हलले हो!" (दात तिचे नव्हतेच, दवाखान्यातले होते!) यंदा तिच्या तोंडून कौतुक काढायचंच, असं मी ठरवलं.

चीक मी शिजवते. गच्चीवर बिबडे नात चिऊ घालते. माझे गुडघे जिना चढत नाहीत. पण ओला बिबडा दिसला की आमचे नाना "मीठ पाहतो" म्हणून उचलतात, शेजारची मंगला "तिखट पाहते" म्हणून. वाळायला उरतं काय?

चिऊ म्हणाली, "आजी, दारावर 'डेंजर' लिहू!"

"म्हणजे काय गं?"

"धोका. जिवाला भीती असेल तिथं लिहायचं."

"मग नानांच्या घोरण्यावर चालेल?"

"नाही गं!"

"तुझ्या आईच्या स्वयंपाकावर?"

आत सुनेनं भांडं आपटलं.

चिऊनं पुठ्ठ्यावर लाल अक्षरं आणि कवटी काढून तो गच्चीच्या दाराला टांगला. शिवाय मी सगळ्यांना सांगून टाकलं, "तार उघडी पडली शे. हात लावशाल तर कोळसा!" (खोटं बोलताना मी कंजुषी करत नाही.)

दोन दिवस एक बिबडा हलला नाही. तिसऱ्या दिवशी चिऊ कॉलेजात, आणि वर धपधप! माकडं!

"अहो, पळा वर! बिबडे गेले!"

"तार उघडी शे ना!" नाना खुर्चीतून हलले नाहीत.

"मंगले, तू तरी जा!"

"नही वं अक्का! तठे डेंजर शे. मना लेकरं लहान शेतस!" (लेकरं पुण्यात नोकरीला आहेत!)

"अहो, तार-बीर काही नाही! मी खोटं बोलले होते!"

नाना मंगलेला म्हणाले, "खोटं आता बोलतेय. बिबड्यांपायी जीव घेईल आपला!"

मी गुडघ्यांना शिव्या देत वर पोहोचले, तोवर माकडं शेवटच्या बिबड्यावर भांडत होती. त्यांना शब्दाचा अर्थ कोणी सांगितलाच नव्हता.

मग गुपचूप पारोळ्याहून विकतचे बिबडे मागवले, माझ्या डब्यात भरले आणि देवपूरला धाडले. विहीणबाईंचा लगेच फोन!

"यंदा जमले हो तुम्हाला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा!"

सून शेजारीच उभी होती. तिनं गच्चीवरचा पुठ्ठा काढून आणला आणि माझ्या शेगडीच्या वर भिंतीला लावला.

चिऊ म्हणाली, "आजी, आता शब्द बरोबर वापरलाय."

पुठ्ठा अजून तिथंच आहे. चौथी शिकलेल्या बाईनं कॉलेजच्या पोरीशी वाद घालू नये.