कुशाबाचा राग

परळच्या चाळीत नळावर भांडण लागलं की बायका कुशाबाला हाक मारत. गिरणीत कापड विणायच्या साच्यांवर पंधरा वर्षं काढलेला हा माणूस दोन्ही बाजू ऐकून घ्यायचा, आवाज न चढवता बोलायचा, आणि कळशा पुन्हा रांगेला लागायच्या.

छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती. पहिली पाळी संपवून घरी येताना तो लालबागला जमावात सापडला. गोळीबाराचा आवाज झाला तशी पळापळ झाली आणि कुठून तरी आलेला दगड त्याच्या कपाळावर बसला. इस्पितळात तो तीन दिवसांनी शुद्धीवर आला. महिन्याभरात जखम भरली. बोलणं, चालणं, हातातलं काम, सगळं जसंच्या तसं.

मग आमटीत मीठ कमी पडलं म्हणून त्याने ताट भिंतीवर फेकलं. सासूसमोर नको ते शब्द तोंडातून गेले. गिरणीत खात्यावरच्या मुकादमाच्या, जॉबरच्या अंगावर धावला. शेजारच्या राधाबाईने त्याच्या बायकोला, मालनला, सांगितलं की बाहेरचं काही लागलं असेल, उतरवून घे. कुणी म्हणालं, पितो. तो पीत नव्हता. जिन्यावरच्या पावलांवरून आज कसं आहे ते मालन ओळखू लागली. आठ वर्षांची बकुळा वडील घरात असले की भांडंसुद्धा वाजू देत नसे.

एका दुपारी बकुळाच्या हातून कळशी सांडली. कुशाबाने पाट्यावरचा वरवंटा उचलला. पोर भिंतीला चिकटली. मालन मध्ये उभी राहिली. ओरडलं तर तो हात खाली येईल, हे तिला ठाऊक होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "खाली ठेवा. पोरगी हाय आपली."

त्याने वरवंटा ठेवला आणि आपल्या हाताकडे बघत बसला.

"मला कळत व्हतं गं," तो म्हणाला. "कळत व्हतं, पण थांबत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मालनने हे जसंच्या तसं इस्पितळातल्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी समजावलं, की राग सगळ्यांनाच येतो. कपाळामागचा मेंदूचा भाग तो आवरतो. कुशाबाचा तोच भाग दुखावला होता. औषध नव्हतं. थोडं सुधारेल, पूर्ण नाही. गोंगाट, उपास, जागरण टाळायचं.

"म्हंजी माणूस वाईट न्हाय?" मालनने विचारलं.

"नाही. पण हात त्याचाच आहे. हात उठायच्या आधी घराबाहेर पडायला त्यालाच शिकावं लागेल."

कुशाबाने साचे सोडले. युनियनमधल्या दत्तारामने खटपट करून त्याला कापडाच्या घड्या घालायच्या घडी खात्यात लावलं. तिथे कानठळ्या बसत नव्हत्या. राग येण्याआधी आपली मान तापते, हे त्याचं त्यालाच सापडलं. मान तापली की तो अनवाणी खाली उतरायचा आणि नायगावपर्यंत चालत जायचा. दारात कुणी अडवायचं नाही, असं ठरलं. वरवंटा राधाबाईकडे गेला. मालन वाटण तिथेच वाटायची.

एकदा त्याला बाहेर पडायला उशीर झाला आणि मालनचं मनगट सुजलं. ती बकुळाला घेऊन भावाकडे गेली. आठवडाभर तो पाळी सुटल्यावर भावाच्या दाराबाहेर येऊन उभा राहायचा. आत जायचा नाही. आठव्या दिवशी मालन आपणहून बाहेर आली.

साठ सालच्या एक मेला महाराष्ट्र झाला. दुपारी चाळीत फटाक्यांची माळ लागली आणि कुशाबाच्या मानेची शीर उभी राहिली. मालनने बकुळाला मागे ओढलं. तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "मी चालून येतो," त्याने पहिल्यांदाच सांगितलं.

"मी येऊ?" बकुळाने विचारलं.

"आज नको. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर चालायला गेली.