फोरमनकाकांचा अँडोरा

सई आणि मिहिर,

“जायचं राहू द्या, परत यायचं बघितलंत का?”

परवा व्हिडिओ कॉलवर हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि तुम्ही दोघं हसलात. सई बार्सिलोनाला एक सत्र शिकायला जाणार, मिहिर सुट्टीत तिच्याकडे जाणार आणि तिथून तुम्ही अँडोराला बर्फात घसरायला जाणार. मिहिरने सहज विचारलं, “आजी, अँडोराला व्हिसा लागतो का, तुला काही आयडिया?” मला आहे. अँडोराच्या व्हिसावर मस्कतच्या बौशरमधल्या आमच्या इमारतीत जेवढी चर्चा झाली, तेवढी खुद्द अँडोरात झाली नसेल.

म्हणून हे लिहायला बसले. मुद्दाम मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही बस येईपर्यंत वाचून मोकळे झाला असतात. मराठीत अडलात की आईला विचाराल, आणि मग ती मी विसरलेलं काहीतरी सांगेल.

ते वाक्य माझं नाही. ते फोरमनकाकांचं.

फोरमनकाका गाला इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजचे फोरमन. ठोकलेल्या गाड्या सरळ करून, रंगवून द्यायचं काम. मूळचे देवगडकडचे. आमच्या खालच्या मजल्यावर आणखी दोघांबरोबर राहायचे. तुम्ही लहान असताना सुट्टीत इथे आला होतात, तेव्हा तुमच्या खेळण्यातल्या जीपचं वाकलेलं दार त्यांनी चमच्याच्या दांड्याने सरळ करून दिलं होतं. नाव मी लिहीत नाही, कारण आम्हीही ते फारसं वापरलं नाही. इमारतीतले मल्याळी, पाकिस्तानी, ओमानी, सगळे त्यांना फोरमनच म्हणत.

त्यांची एक सवय तुम्ही पाहिली असेल. गाडी कधीही सरळ आत घालायचे नाहीत. कितीही ऊन असो, मागे कितीही हॉर्न वाजोत, ते गाडी फिरवून तोंड रस्त्याकडे करून लावायचे. आजोबा म्हणायचे, “फोरमन, बँक लुटायला आलात का?”

“दादा, निघताना उलटं बघावं लागू नये,” असं त्यांचं उत्तर.

इमारतीतलं कोणीही बॅग घेऊन जिन्यात दिसलं की प्रश्न ठरलेला. दुबईला चाललेल्या माणसाला ठीक आहे, त्याला सीमा ओलांडायची असते, रहिवासी कार्डाची मुदत बघायची असते. पण आजोबा एकदा सलालाहला निघाले होते. सलालाह ओमानमध्येच आहे. तरी फोरमनकाका खालून म्हणाले, “परत यायचं बघितलंत का?”

“अहो, देशातल्या देशात चाललोय.”

“मग सोपंय. तरी बघा.”

तुमची आई शिकायला कॅनडाला निघाली तेव्हा ते विमानतळावर आले होते. आम्ही दोघं रडत होतो, ते तिला विचारत होते, “बाय, परत यायचं बघितलंस का?” तिने हसून रिटर्न तिकीट दाखवलं. ते तिकीट तिने वापरलंही. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही टोरांटोत जन्मलात.

असं का बोलायचे, ते इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. गल्फमध्ये आपण सगळे तारखेवर राहतो. कार्डावरची तारीख उलटली की दंड, सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की कार्ड गेलं. इथला माणूस स्वतःचा वाढदिवस एकदा विसरेल, पण कार्डाची तारीख विसरायचा नाही. फोरमनकाका तर तरुणपणी आले. सुरुवातीला पगार इतका नव्हता की बायकोला आणता येईल. पगार वाढला तेव्हा मुलांची शाळा गावात रुळली होती. मुलं मोठी झाली तेव्हा काकूंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. काकू देवगडलाच राहिल्या. काका आधी दर दोन वर्षांनी, नंतर दर वर्षी, महिनाभर घरी जायचे आणि परत यायचे. परत म्हणजे इकडे.

मग सासूबाई गेल्या, मुलं मार्गी लागली, आणि एका शुक्रवारी फोरमनकाका आमच्याकडे चहाला येऊन म्हणाले, “वहिनी, हिला घेऊन युरोपात जाणार. अँडोरा. तेवढं व्हिसाचं वाचून सांगा.”

आजोबांनी पेपर खाली ठेवला. “पॅरिस वगैरे सोडून अँडोरा?”

गॅरेजमध्ये एका टायर कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यात बर्फाच्या डोंगरांचं चित्र, खाली अँडोरा. काकांनी त्याचा फोटो काकूंना पाठवला आणि पॅरिसचाही पाठवला. काकूंनी फोनवर दिलेला निकाल त्यांनी आम्हाला जसाच्या तसा ऐकवला: “मोठो देश नको. अर्धो बघून परत येवचां, आणि अर्ध्यासाठी हळहळत बसा. लहान बघूया. पुरो बघून होतलो.”

मला हे इतकं पटलं की मी त्याच दिवशी चष्मा पुसून बसले. नियम तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून सांगते. अँडोरात विमानतळ नाही, रेल्वे नाही. स्पेन किंवा फ्रान्समधून रस्त्यानेच जायचं. पर्यटकाला अँडोराचा स्वतःचा व्हिसा लागत नाही. पण भारतीय पासपोर्टवर तिथवर पोचायलाच शेंगेन व्हिसा लागतो. आणि अँडोरा शेंगेनमध्ये नाही. म्हणजे आत पाऊल टाकलं की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात. परत स्पेनमध्ये यायचं तर तो दुसरा प्रवेश. त्यामुळे व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असून चालत नाही.

फोरमनकाकांनी बशीत चहा ओतला. “म्हणजे आत जायला कोण विचारत नाही, परत यायलाच कागद लागतो.”

“अगदी तसंच.”

“वहिनी, हा देश माझ्यासाठीच काढलाय.”

पुढचे काही आठवडे मजेत गेले. त्यांच्या अर्बाबने, म्हणजे गॅरेजच्या ओमानी मालकाने, ना हरकत पत्र दिलं. तो इब्रा गावचा, दर आठवड्याला तिकडून खजूर आणणारा सज्जन माणूस. “अँडोरा? हादा वेन?” म्हणजे हे कुठे आलं, असं विचारून त्याने नकाशावर बोट ठेवलं, तर देश बोटाखाली झाकला गेला. काकांना तो किस्सा सांगताना फार आनंद व्हायचा. ते मस्कतला राहतात म्हणून त्यांनी अर्ज इथून करायचा, काकूंनी मुंबईतून. इथली मुलाखत, विमा, हॉटेलचं बुकिंग, सगळं झालं आणि त्यांच्या पासपोर्टवर कितीही वेळा ये-जा करायची मुभा देणारा व्हिसा आला. त्यांनी तो आम्हाला, वॉचमनला आणि खालच्या किराणा दुकानदाराला दाखवला.

काकूंचा पासपोर्ट गावी पोचला तो दिवस मला आठवतो. काका आमच्याच गॅलरीतून फोनवर बोलत होते. “तारीख वाच. शेवटची तारीख. परत वाच. महिना वाच.” मग फोन ठेवून माझ्याकडे वळले. “तारीख बरोबर आहे, वहिनी. परतीनंतरही आठवडा शिल्लक आहे.” आजोबांनी त्यांना पेढा दिला.

तारीख बरोबर होती.

ते रजेवर गेले, तिथून दोघं स्पेनला गेली, आणि रजा संपल्यावर काका एकटे मस्कतला आले. पहिल्याच शुक्रवारी वर आले. आजोबांनी दारातच विचारलं, “काय फोरमन, बघितला का पुरा देश?”

“नाही बघितला, दादा.” बसले, चहाचा कप हातात घेतला. मग जे सांगितलं ते असं.

बार्सिलोनाहून बसने दोघं स्पेनमधल्या शेवटच्या गावाला आली. रात्री तिथे मुक्काम, सकाळी अँडोराची बस. छोटं हॉटेल, म्हातारा मालक. नोंद करायला त्याने दोन्ही पासपोर्ट घेतले आणि उद्या कुठे जाणार ते विचारलं. काकांनी ऐटीत सांगितलं, “अँडोरा.” म्हाताऱ्याने काकूंचा पासपोर्ट पुन्हा उघडला, व्हिसावर बोट ठेवलं आणि मग तेच बोट वर केलं. एक.

“मी आयुष्यभर तारीख बघत आलो, वहिनी. त्याच कागदावर खाली प्रवेश किती, असा रकाना होता. माझ्यात ‘अनेक’ होतं. हिच्यात एक. पासपोर्ट माझ्या खिशात होता, विमानात दहादा काढून बघितला. तारीखच बघितली.”

मालकाने मोबाईलवर भाषांतर करून त्यांना समजावलं. बहुतेक वेळा बस कोणी थांबवत नाही. येताना थांबवली तरी सिगारेटी आणि दारू किती आहे एवढंच बघतात. पण पासपोर्ट मागितला तर सेन्योरा, म्हणजे काकू, अडकेल. तुमचं तुम्ही ठरवा.

आजोबा पुढे सरकले. “मग?”

“मी एकटा असतो तर बसलो असतो बसमध्ये. आजवर कितीतरी खिडक्यांपुढे उभा राहिलोय. कोण ओरडतो, कोण थांबवून ठेवतो, त्याचं मला काही वाटत नाही. पण हिला तसल्या खिडकीपुढे उभी करायची? आमच्या भाषेचा एक माणूस नाही तिथे.”

“काकू काय म्हणाल्या?” मी विचारलं.

ते हसले. “ती म्हणाली, ‘तुमी जावन येवा. तुमचां आसा मां कागदात. मी हयच बसतंय.’ वहिनी, रजा संपली की दारात उभी राहून ती हेच म्हणते. असंच, ह्याच आवाजात. ‘जावन येवा.’ जन्मभर म्हणत आली आणि जन्मभर मी गेलो.”

या वेळी नाही गेले.

सकाळी दोघं गावाबाहेरच्या टेकडीवर चढली. खाली नदी, नदीकाठाने अँडोराकडे जाणारा रस्ता, पलीकडे कॅलेंडरमधले डोंगर. काकूंनी गावाहून नेलेले खडखडे लाडू काढले. बाकावर बसून दोघांनी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या बस पाहिल्या. सकाळी लोक रिकाम्या हाताने अँडोरात जात होते आणि दुपारपासून पिशव्या भरून परत येत होते. तिकडे कर अगदी कमी, माल स्वस्त, त्यामुळे आसपासची माणसं बाजाराला जावं तशी जातात.

काकू बराच वेळ ते बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्ये सगळे परदेशात गेले आणि सांजेक घराकडे इले?”

“होय.”

“आमका असलो परदेश व्हयो होतो.”

एवढंच बोलल्या, आणि काकांना आणखी एक लाडू दिला.

फोरमनकाकांनी कप खाली ठेवला. आजोबांनी त्यात आणखी चहा ओतला. खाली कोणीतरी गाडी लावत होतं, तिचा मागे घेतानाचा टीं टीं आवाज तेवढा येत होता.

पुढच्या महिन्यात त्यांनी अर्बाबला सांगितलं की आता खलास. तो म्हणाला, एक वर्ष थांब, नवा माणूस तयार होऊ दे, इन्शाल्ला पगारही बघू. काका म्हणाले, नवा माणूस तयार केला आहे, चार महिने झाले, तूच लक्ष दिलं नाहीस. अर्बाबने इब्राचा खजूर डबाभर दिला आणि दोन्ही गालांना गाल लावले. फायनल एक्झिटचे, म्हणजे नोकरी संपवून कायमचं देश सोडायचे, सोपस्कार झाले. इतकी वर्षं जपलेलं कार्ड त्यांनी परत केलं.

निघायच्या दिवशी त्यांची टॅक्सी खाली उभी होती, आणि टॅक्सीवाल्याला सांगून त्यांनी तीही रस्त्याकडे तोंड करून लावायला लावली होती. आम्ही गॅलरीत आलो. इतक्या वर्षांत आजोबांना पहिल्यांदाच संधी मिळाली होती. ते वाकून मोठ्याने म्हणाले, “फोरमन, परत यायचं बघितलंत का?”

काकांनी बॅग डिकीत ठेवली आणि वर बघितलं.

“दादा, या वेळी परतच चाललोय.”

टॅक्सी सरळ निघाली. वळायला लागलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुमच्या कॅनडाच्या पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या सहलीला व्हिसा लागत नाही. सईला मात्र शिक्षणासाठी स्पेनची परवानगी काढावी लागेल. सई, ती तारखेसकट आणि प्रवेशांच्या रकान्यासकट नीट वाच. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी दोघांनी सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघा, मित्राने सांगितलं यावर जाऊ नका. आणि अँडोरात शिरण्याआधी त्या शेवटच्या गावात उतरलात तर टेकडीवरचा बाक शोधा आणि तिथून दिसणाऱ्या रस्त्याचा एक फोटो मला पाठवा. मी तो देवगडला पाठवेन.

ती दोघं देवगडला आहेत. अँडोरा त्यांनी अजून पाहिलेला नाही. खालच्या फ्लॅटमध्ये आता नवी माणसं राहतात, त्यांनी फोरमनकाकांना कधी पाहिलेलं नाही. पण आमच्या इमारतीत बॅग घेऊन कोणी जिना उतरू लागलं की कुठल्या ना कुठल्या मजल्यावरून, कुठल्या ना कुठल्या भाषेत, अजून विचारतात: परत यायचं बघितलंत का?