पारोळ्यापुढे तापणारी गाडी

नीलगाय धडकून गाडीचं नाक चेपलं, त्यानंतर ती जळगावच्या एका गॅरेजमधून दुरुस्त होऊन आली. नवा रेडिएटर, नवा पंखा. आणि तेव्हापासून ती तापायला लागली.

सगळीकडे नाही. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ठीक, मोकळ्या हायवेवर ठीक. धुळ्याला आबांकडे, म्हणजे वडिलांकडे जाताना पारोळं मागे पडलं, की अर्धवट पुलाचं काम लागायचं. वाहतूक कडेच्या कच्च्या रस्त्यावर वळवलेली. तिथे गाडी ना थांबायची, ना पळायची. ट्रकांच्या मागे धूळ खात चालत राहायची. तो वळणरस्ता संपतो तिथे एक बंद पडलेला ढाबा आहे. त्याच्यासमोर आलं की इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायचा. सकाळच्या गारव्यात परतताना मात्र काहीच व्हायचं नाही.

पहिल्या वेळी मी एकटी होते. मे महिन्यातली दुपार. गाडी ढाब्याच्या मोकळ्या जागेत घेतली आणि इंजिन तसंच चालू ठेवून खाली उतरले. समोरून गेले तर नाकाच्या जाळीतून ऊन ऊन हवा माझ्या पोटऱ्यांवर आली. एखादं जनावर जवळ उभं राहून श्वास सोडतं तशी. मी दचकून बाजूला झाले. इंजिन बंद केल्यावर आत बारीक टकटक सुरू झाली आणि बराच वेळ चालली. आजूबाजूला बाभळीचं पानही हलत नव्हतं.

गॅरेजवाल्यांनी दोनदा गाडी ठेवून घेतली. कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, गाडी उभी करून तासभर चालू ठेवली. काटा मध्यावरून हलला नाही. "ताई, गाडीत काही नाही," ते म्हणाले. पुढच्या शनिवारी ती त्याच ढाब्यासमोर तापली.

मग एकदा आबा बरोबर होते. डोळे तपासायला जळगावला आले होते, त्यांना घरी सोडायला निघाले होते. काट्याबद्दल मी त्यांना काही बोलले नव्हते. वळणरस्ता लागला तसा काटा चढू लागला. मी एसी वाढवला. ढाबा दिसला आणि माझ्या आधी तेच म्हणाले, "थांब बाई. आठेच थांब."

"तुम्हाला काय माहीत, इथे तापते म्हणून?"

ते उतरले. मला वाटलं, बोनेट उघडतील. त्यांनी मागचं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले. एखाद्या माणसाला उतरायला वेळ लागतो तेवढा वेळ. मागची सीट रिकामी होती. त्यावर माझी ओढणी आणि पाण्याची बाटली, एवढंच.

मग त्यांनी सांगितलं. हिवाळ्यात आम्ही आईला याच गाडीतून धुळ्याला घेऊन चाललो होतो. मी गाडी चालवत होते, आबा तिच्याजवळ मागे बसले होते. इथे धक्के बसायला लागले तेव्हा ती त्यांना म्हणाली होती, मला उतरू द्या, जीव घाबरतो. ट्रकांच्या आवाजात मला ते ऐकू आलं नव्हतं. आबा म्हणाले होते, आता घर येईलच. त्याच रात्री दवाखान्यात ती वारली.

"तिले आठे उतरानं व्हतं," आबा म्हणाले आणि दार अलगद लोटलं.

काटा खाली आला होता. धुळ्यापर्यंत मी आरशात मागे पाहायचं टाळत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात मी गाडी सुरू करून पाहत होते. एसी लावला, पंखा फिरायला लागला. गाडीसमोर दोरीवर आईची जांभळी साडी वाळत होती. तिच्या साड्या आबा अधूनमधून धुऊन टाकत. वारा अजिबात नव्हता. तरी ती साडी फुगली. हळूहळू, खालून वर, जणू आत कुणी उभं राहिलं. ओट्यावर बसलेले आबा उठून उभे राहिले.

मग साडी कोणत्या बाजूला फुगतेय ते माझ्या लक्षात आलं. गाडीपासून दूर. रेडिएटरचा पंखा तर समोरची हवा आत ओढतो. मी आतून वर्तमानपत्र आणलं, त्याचं एक पान जाळीसमोर धरलं. ते चिकटायला हवं होतं. ते हातातून बाहेर उडालं.

धुळ्यातल्या इलेक्ट्रिशियनने पंख्याच्या दोन तारा उलट्या जोडलेल्या दाखवल्या. पंखा उलटा फिरत होता. "उभ्या गाडीत उलटी का होईना, हवा फिरते," तो म्हणाला. "जोरात पळवली की समोरचा वारा पंख्याला हटवतो. मधल्या चालीत दोन्ही हवा एकमेकींना अडवतात. आत काहीच हलत नाही." तारा बदलायला त्याला फारसा वेळ लागला नाही.

पुढच्या वेळी आबांना घेऊन पारोळ्यापुढून गेले. काटा मध्यावर खिळलेला. आबा पूर्ण वळणरस्ताभर त्याच्याकडेच बघत होते. ढाबा आला आणि मागे पडला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

"तार व्हती तर," आबा म्हणाले.

"हो."

"बरं व्हयनं." पण त्यांचा आवाज असा होता, जणू त्यांचं माणूस दुसऱ्यांदा गेलं होतं.

पावसाळ्यानंतर पूल सुरू झाला. आता गाड्या वरून सुसाट जातात, ढाब्याचं नुसतं पत्र्याचं छप्पर खाली दिसतं. आबा मात्र पुलावरून जायला तयार नसतात. खालच्या रस्त्याने घे, म्हणतात. तिथे आता कुणीच जात नाही. खडी पसरलेली आहे, गवत उगवलंय. मी घेते. पुलाच्या सावलीतून आम्ही हळू जातो. वरून ट्रक गेला की सगळं घुमतं. एसी बंद करून आबा दोन्ही काचा खाली करतात आणि कान देऊन बसतात. मीही श्वास रोखून बसते, आणि काय ऐकू आलं असं त्यांना कधी विचारत नाही.